कर्त्या पुरुषाचे घर

(नंदुरबार येथे झालेल्या एका व्याख्यानाचे शब्दांकन)



स्मरण कसे करावे, हे नंदुरबारला शिकविण्याची आवश्यकता नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी माणिक चौकात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सवंगडी, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास, यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. या गावातले शाळकरी पोरही ही नावे सांगते. वीराचे स्मरण कसे करावे, हे समाजाला ठाऊक असते. त्याला चौक असतो, पुतळा असतो, तिथी असते. प्रश्न उभा राहतो तो दीर्घायुष्य भोगून, मुलानातवंडांच्या सहवासात शांतपणे डोळे मिटणाऱ्या माणसाच्या स्मरणाचा. त्याला चौक नसतो. त्याच्या वाट्याला येतात ती तीन विशेषणे : एकनिष्ठ पती, प्रेमळ पिता, लाडके आजोबा. वर्षश्राद्धाची जाहिरात असो की शोकसभेतले भाषण, विशेषणे तीच आणि त्याच क्रमाने. ती खोटी असतात असे नाही. पण ती इतकी गुळगुळीत झालेली असतात की त्यांतून त्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

ही तीन नाती खरोखर कशी निभावली गेली, हे पाहायचे तर त्या घरातल्या माणसांनीच काही लिहून ठेवलेले असावे लागते. आपल्याकडे असे घर दुर्मीळ. महाराष्ट्रात एक घर मात्र असे आहे की जिथे कर्त्या पुरुषाने आत्मवृत्त लिहिले, पत्नीने आपली कहाणी सांगितली, मेहुणीने लिहिली, मुलाने लिहिले आणि सुनेनेही लिहिले. ते घर म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. अण्णासाहेबांचे सार्वजनिक चरित्र सर्वांना परिचित आहे. आज त्यांच्याकडे घरातून पाहायचे आहे. कारण सार्वजनिक कार्यात आयुष्य घालविणाऱ्या प्रत्येकाच्या उंबरठ्यावर एक प्रश्न उभा असतो : समाजासाठी झिजणारा माणूस आपल्या घराला काय देतो आणि घराकडून काय घेतो?

पती

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, कोकणातला. गाव दापोलीजवळचे मुरूड. वयाच्या पंधराव्या वर्षी राधाबाईंशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा राधाबाई आठ वर्षांच्या होत्या. १८९१ साली राधाबाई निवर्तल्या. पदरी रघुनाथ हा नऊ वर्षांचा मुलगा. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताच्या अध्यापनासाठी अण्णांना बोलावणे आले.

त्या काळी तिशीतल्या विधुराचे दुसरे लग्न ही महिन्याभरात उरकण्याची बाब होती. वधू दहा-बारा वर्षांची, कुमारिका. समाजाचा त्याला आक्षेप नव्हता; उलट आग्रहच होता. आठ-नऊ वर्षांची मुलगी विधवा झाली तर तिने मात्र जन्मभर केशवपनाच्या अंधारात राहायचे, आणि चाळिशीच्या विधुराने पुन्हा बोहल्यावर चढायचे, असा तो न्याय होता. अण्णांनी ठरविले की पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत, बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील ती पहिली विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

नवे जोडपे मुरूडला गेले तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्काराचे ठराव केले. कर्वे ज्या सभेत असतील तिथे कोणी बसू नये, घरच्यांनी त्यांना घरात ठेवले तर त्यांच्यावरही बहिष्कार पडेल, असा त्यांचा आशय होता. ज्या गावाच्या भल्यासाठी अण्णांनी तरुणपणी ‘मुरूड फंड’ उभा केला होता, त्याच गावाचा हा निर्णय. या बहिष्काराचा खरा भार कोणी वाहिला? तो वाहिला अण्णांच्या वृद्ध आईने, भावंडांनी आणि नव्या सुनेने. पुण्यात महाविद्यालय होते, मित्र होते. घराच्या पडवीत मात्र सुख-दुःखाला शेजारपाजारची बाई येईना. पुरुषाच्या धैर्याची किंमत अनेकदा त्याच्या घरच्या स्त्रियांनी चुकती केलेली असते, आणि ते ऋण चरित्रात क्वचितच मांडले जाते.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला. स्वतःच्या आयुर्विम्याची पाच हजार रुपयांची पॉलिसी अण्णांनी आश्रमाच्या नावे करून दिली. ही गोष्ट भाषणांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते आणि ती कौतुकास्पद आहेच. पण जरा आत जाऊन विचार केला तर विमा हा कोणाचा असतो? तो नवऱ्याच्या पश्चात बायको-मुलांच्या तोंडात घास पडावा म्हणून असतो. अण्णांनी जे दान केले ते वस्तुतः बायांच्या आणि मुलांच्या उद्याच्या आधाराचे दान होते. बायांना ते मानवले नाही. त्यांची तक्रार होती, आणि ती त्यांनी लपविली नाही.

पुढचे पाहण्यासारखे आहे. बाया रडत बसल्या नाहीत आणि नवऱ्याच्या कार्याच्या आड आल्या नाहीत. त्यांनी घरी विद्यार्थी जेवायला-राहायला ठेवले, नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, मिळवत्या झाल्या. अण्णांनीही त्यांना रोखले नाही. स्वतःची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांना बायांनीच आपल्याकडे आणले. त्या पार्वतीबाई आश्रमाचा आधारस्तंभ बनल्या आणि निधी गोळा करण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

मग अण्णांना एकनिष्ठ पती म्हणावे काय? विमा दान करणारा, संध्याकाळी घरी नसणारा, १९००च्या सुमारास आश्रम हिंगण्याच्या माळावर गेल्यावर पुण्याहून रोज पायी तिकडे जाणारा हा गृहस्थ रूढ अर्थाने संसारी नव्हताच. परंतु निष्ठेचा आणखी एक अर्थ आहे. विवाहाच्या दिवशी त्यांनी जे तत्त्व स्वीकारले, स्त्री ही स्वतंत्र मन असलेली व्यक्ती आहे, ते त्यांनी आपल्याच पत्नीच्या बाबतीत मोडले नाही. बायांनी १९४४ साली ‘माझे पुराण’ या नावाने आपली कहाणी प्रसिद्ध केली. सून कावेरीबाई कर्वे यांनी ती संपादित केली. त्यात नवऱ्याची आरती ओवाळलेली नाही. त्यात कष्ट आहेत, टंचाई आहे, राग आहे आणि विनोदही आहे. पत्नीने आपली तक्रार छापून आणावी आणि ऐंशी ओलांडलेल्या पतीच्या प्रतिष्ठेला त्याने यत्किंचितही धक्का लागू नये, अशी घरे किती असतील? तीन विशेषणांपैकी पहिल्याची कसोटी इथे लागते : पत्नीला खरे बोलता येते की नाही.

पिता

अण्णांना चार मुलगे. राधाबाईंचा रघुनाथ, बायांचे शंकर, दिनकर आणि भास्कर. चौघांचे मार्ग चार दिशांना गेले.

रघुनाथ १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. वडिलांप्रमाणेच गणिताचा प्राध्यापक झाला. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यांनी मुंबईतील प्राध्यापकाची नोकरी गमावली, १९२७च्या जुलैमध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, खटले अंगावर घेतले आणि ते मासिक अखेरपर्यंत चालविले. त्यांची अनेक मते समाजाला तेव्हा रुचली नाहीत. त्यांतील काही आजही अनेकांना रुचणार नाहीत. शंकर वैद्यकीय शिक्षण घेऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासा येथे स्थायिक झाले आणि तेथील हिंदी समाजाचे पुढारी बनले. दिनकर जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर आणि कावेरीबाई यांनी हिंगण्याच्या संस्थेलाच वाहून घेतले.

म्हणजे चौघांपैकी वडिलांचे काम प्रत्यक्ष हाती घेणारा मुलगा एक. आपल्या घरांमध्ये हे गणित कसे मांडले जाते? मुलाने आपला व्यवसाय, आपली संस्था, आपले विचार पुढे चालविले तर तो सुपुत्र. नाही तर वडिलांच्या मनात एक कायमची सल. अण्णांनी आश्रमातल्या कार्यासाठी १९०८ साली निष्काम कर्ममठ स्थापन केला आणि आजन्म सेवकांची मागणी समाजाकडे केली. आपल्या मुलांना मात्र वारसदार म्हणून त्या कार्याला जुंपले नाही. संस्था ही समाजाची, मुले ही त्यांची त्यांची, हा विवेक त्यांनी पाळला. सार्वजनिक संस्था घराण्याची मालमत्ता होण्याचे प्रकार आपण जिल्ह्याजिल्ह्यांत पाहतो. ते पाहता हा विवेक किती मोलाचा होता, हे वेगळे सांगायला नको.

मुलांनीही वडिलांकडून घ्यायचे ते घेतले. रघुनाथरावांचे विषय वडिलांहून निराळे होते, पण समाजाचा रोष पत्करून आपल्या मताला चिकटून राहण्याची जिद्द त्यांनी कोठून आणली, हे मुरूडच्या त्या ठरावांकडे पाहिले की उमगते. जमीन देता येते, घर देता येते. स्वभाव नकळत दिला जातो.

१९२९मध्ये, सत्तरी उलटल्यानंतर, अण्णा जगप्रवासाला निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, अमेरिका, जपान असा प्रवास करून एप्रिल १९३०मध्ये परतले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा पंधरा महिन्यांसाठी आफ्रिकेला गेले. मुलाचे घर तिथे होते. पण म्हातारपणी परदेशातल्या मुलाकडे विश्रांतीला गेलेल्या बापाचा तो मुक्काम नव्हता. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असे फिरून ते स्त्रीशिक्षणाच्या कामाची माहिती सांगत राहिले.

दीर्घायुष्याला दुःखाचा करही भरावा लागतो. १९५० साली बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार संपला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. तेव्हा अण्णा पंच्याण्णव वर्षांचे होते. पहिल्या पत्नीची उरलेली एकमेव खूण अशी नाहीशी झाली. १९५५मध्ये पद्मविभूषण आणि १९५८मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. त्यांच्या हयातीतच त्यांचे टपाल तिकीट निघाले. या सन्मानांच्या छायाचित्रांत जो कृश, शांत वृद्ध दिसतो, त्याच्या मनात बायांची आणि रघुनाथची जागा रिकामी होती, हे छायाचित्र सांगत नाही. ते आपण ध्यानी घ्यायचे.

सासरे आणि आजोबा

आता या घराचा आणि आपल्या खानदेशाचा संबंध येतो. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई या भारतातील थोर मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी ‘पश्चिम खानदेशातील भिल्ल’ या विषयावर सामाजिक-आर्थिक पाहणी करून इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून वेगळा झालेला आपला नंदुरबार. सातपुड्याच्या कुशीतल्या समाजाचा शास्त्रीय अभ्यास ज्या मोजक्या मराठी संशोधकांनी केला, त्यांत कर्व्यांची ही सून आहे.

तिच्या शिक्षणाच्या वाटेवर खुद्द अण्णांचाच अडसर होता, हे ऐकून आश्चर्य वाटेल. १९२८मध्ये उच्च शिक्षणासाठी इरावतीबाईंना जर्मनीला पाठविण्याचे दिनकररावांनी ठरविले, तेव्हा अण्णांनी त्याला विरोध दर्शविला. ज्याने हजारो मुलींसाठी विद्येचे दार उघडले, त्याने घरच्या सुनेच्या बाबतीत हात आखडता घेतला! दिनकररावांनी वडिलांचा आदर राखला आणि निर्णय मात्र बदलला नाही. इरावतीबाई बर्लिनला गेल्या, डॉक्टरेट घेऊन परतल्या, आणि १९३१पासून काही वर्षे त्यांनी सासऱ्यांनीच १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा प्रशासकीय कारभार पाहिला.

ही घटना झाकून ठेवावी असे काहींना वाटेल. झाकण्याचे कारण नाही. मोठा माणूसही घराच्या उंबऱ्यात कधी कधी आपल्याच तत्त्वाला अडखळतो. त्यातून घर सावरते ते दोन गोष्टींनी. पहिली, मुलगा वडिलांच्याच शिकवणुकीचा आधार घेऊन वडिलांना नम्रपणे नाही म्हणू शकतो. दुसरी, वडील तो नकार मनात धरून बसत नाहीत. सून आणि सासरे यांच्यात कायमचा दुरावा आला असता तर ती सून त्याच सासऱ्यांच्या विद्यापीठात काम करती ना. आज घराघरांतून सुनेच्या नोकरीवरून, मुलीच्या शिक्षणावरून जे कटू प्रसंग उद्भवतात, त्यांत ही दोन सूत्रे सांभाळली तर घर तुटत नाही.

इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’ हा लेख मराठी वाचकांना ठाऊक आहे. महर्षींची सून आणि प्राचार्यांची पत्नी अशी त्यांची ओळख करून दिली जाते, पण काहीतरी उणे राहते. आणि शेवटी रस्त्यावरची शाळकरी मुले त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते. महर्षींच्या घरात राहून, स्वतः विदुषी असून, त्यांना नात्याचीच ओळख पूर्ण वाटली. कर्तृत्व आणि नाते यांत विरोध नाही, हे यापेक्षा कमी शब्दांत कोण सांगणार?

नातवंडांची कथाही अशीच आहे. जाई निंबकर इंग्रजीतून लेखन करू लागल्या, गौरी देशपांडे मराठी कथा-कादंबरीत आपली स्वतंत्र मुद्रा उमटवून गेल्या, आणि आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन ग्रामीण चुलीचे व इंधनाचे तंत्र सुधारण्याच्या कामाला लागले. चौथ्या पिढीतल्या ऊर्मिला देशपांडे यांनी आपल्या आजीचे, म्हणजे इरावतीबाईंचे चरित्र सहलेखकासह २०२४मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले. यांतले कोणीही अण्णांची प्रतिकृती नाही. पणजोबांनी सुरू केलेला लिहून ठेवण्याचा संस्कार मात्र अखंड चालत आला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, अण्णा गेले. त्यांच्या घराची आठवण टिकली ती घरातल्या प्रत्येकाला आपली बाजू मांडण्याची मुभा होती म्हणून.

आपल्या अंगणात

बंधू-भगिनींनो, आता आपल्या अंगणात येऊ. २०११च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. महाराष्ट्राची ८२ टक्क्यांहून अधिक. म्हणजे या जिल्ह्यातले कितीतरी आजोबा आत्मवृत्त लिहू शकणार नाहीत. पण सांगू शकतात. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याच्या पाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. तेव्हा मागे राहते ती म्हातारी जोडपी आणि त्यांच्या ओटीत टाकलेली नातवंडे. लेकरू शाळेत जाते की नाही, तापाने फणफणले तर कोणाच्या पाठीवरून दवाखान्यात पोहोचते, हे त्या आजोबांवर अवलंबून असते. कोणत्याही शोकसभेत त्यांच्यावर भाषण होत नाही. तरीही त्या मुलाच्या आयुष्यातले पहिले विद्यापीठ तेच आहेत.

शहरातल्या, गावातल्या सुशिक्षित घरांचा दोष वेगळा आहे. तिथे लिहिता येते, पण विचारले जात नाही. आजोबा गेल्यावर फोटो मोठा करून भिंतीवर लावला जातो, हार घातला जातो. पण त्यांनी पहिली नोकरी कुठे केली, घर कोणत्या साली बांधले, कर्ज कोणाचे काढले, आजीशी पहिले भांडण कशावरून झाले, हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, घरातल्या वडीलधाऱ्यांना जिवंतपणी विचारावे. एक वही करावी, नातवाने लिहावे, साल आणि गावाचे नाव घालून लिहावे. दुसरी, आजोबांविषयी लिहिताना आधी आजीला विचारावे. तिने ज्या गोष्टी सोसल्या त्या त्या वहीत आल्याच पाहिजेत; त्याने आजोबा लहान होत नाहीत. तिसरी गोष्ट सार्वजनिक कामात असलेल्यांसाठी आहे. समर्थ रामदासांनी प्रपंचाकडे पाठ फिरवून परमार्थ साधू पाहणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. रात्री उशिरा घरी येणाऱ्या कार्यकर्त्याने कधीतरी स्वतःला विचारावे, आपण समाजाला जे दिले म्हणतो, त्यातले आपले किती आणि घरच्यांचे किती? आणि त्यांचे असेल तर देण्यापूर्वी त्यांना विचारले होते काय?

अण्णांनी विमा दान केला तेव्हा बायांना काय वाटले, हे आज शतक उलटून गेल्यावरही आपल्याला माहीत आहे, कारण त्या घराने ते सांगू दिले. आपल्या पश्चात आपल्या घरातली माणसेही बोलणार आहेत. त्यांना तीन गुळगुळीत विशेषणांचा आधार घ्यावा लागू नये, खरे सांगता यावे आणि खरे सांगूनही आदर उरावा, इतके ज्याने जिवंतपणी साधले, तो कर्ता पुरुष. त्याला चौक नसला तरी चालेल.